आवाज मोजायचा तर नीट मोजू या

मंडळी, लग्नसराई आणि बोर्डाची परीक्षा एकाच वेळी येणं आपल्या खैरलांजीच्या पाचवीला पुजलेलं आहे. एका घरी हळद, डीजे. शेजारच्या घरी बारावीची पोर पुस्तक उघडून बसलेली. "आवाज कमी करा हो" म्हटलं की "एवढा कुठे आहे?" हे उत्तर ठरलेलं. असा वाद तोंडाने मिटत नाही, त्याला आकडा लागतो. मुंबईत सुमैरा अब्दुलअली यांनी हातात मावणारं ध्वनिमापक यंत्र घेऊन सणासुदीचा गोंगाट मोजला आणि ते आकडे सगळ्यांसमोर मांडले. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आवाज त्याहून 10 डेसिबल किंवा अधिक भरला, तर कोणालाही तक्रार करता येते. हे 10 थोडे समजू नका. 55 चे 65 झाले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली.

म्हणूनच मोजणी काटेकोर हवी. यंत्र 'ए' मापनावर ठेवा, कारण नियमातले आकडे त्यातलेच आहेत. मोजण्याआधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावून तपासा. तो बहुधा 94 डेसिबलचा सूर देतो, तेवढाच आकडा दिसला पाहिजे. माइकवर फोमची टोपी घाला, नाहीतर वाराच मोजला जाईल. यंत्र तिवईवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच ठेवा. भिंतीपासून जमेल तितकं लांब राहा, कारण भिंतीवरून परतलेला आवाजही आकड्यात मिसळतो.

एखाद्या क्षणाचा सर्वात मोठा आकडा धरून बसू नका. नियमात सरासरी पातळी धरली आहे. यंत्रावर ती 'एलईक्यू' म्हणून दिसते. डीजे थांबला की त्याच जागी पुन्हा मोजा. दोन्हींत 10 डेसिबलहून जास्त फरक असेल, तर पहिला आकडा जवळपास सगळा डीजेचाच. फरक 3 च असेल, तर अर्धा आवाज आजूबाजूचा आहे, त्याचा दोष मांडववाल्यांना देऊ नये.

एक मेख मात्र आहे. 'ए' मापन ढोलासारखा खर्जातला आवाज कमी धरतं. तावदानं थरथरतात आणि आकडा बेताचा दिसतो. अशा वेळी 'सी' मापनही टिपून ठेवावं. मोबाइलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो, पण तक्रारीला तो पुरावा म्हणून टिकणं कठीण.

तारीख, वेळ, अंतर, जागा वहीत लिहा आणि आधी तो आकडा मांडववाल्यांनाच दाखवा. शेजार टिकवायचा असतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर विनापरवानगी लाउडस्पीकर वाजत असेल, तर मात्र मोजत बसू नका. तिथे घड्याळच पुरेसं आहे.