संगणकाच्या पडद्यामागें उभा शेतकरी

आपल्या संघाचे बहुतेक सभासद लिहिणारे-वाचणारे आहेत. सोसायटीच्या वार्षिक अहवालांतील आंकड्याची चूक ते भरसभेंत दाखवितात, आणि बियाण्याच्या पिशवीवरचें बारीक अक्षर वाचल्याखेरीज पैसे मोजीत नाहींत. पण हेच चोखंदळ गृहस्थ तालुक्याच्या गांवीं सेवा केंद्रांत गेले म्हणजे काय करतात तें पाहावें. टेबलाच्या पलीकडे संगणक चालविणारा मुलगा बसलेला असतो. पडद्याचें तोंड त्याच्याकडे व पाठ आपल्याकडे. आपण गट क्रमांक तोंडानें सांगतों, आधार क्रमांक सांगतों, मोबाइलवर आलेला ओटीपीही मोठ्यानें वाचून दाखवितों, आणि यंत्रांतून जो कागद बाहेर पडेल तो घडी घालून खिशांत ठेवतों. ज्या अर्जावर वर्षाचें पीक अवलंबून, तो अर्ज आपण पाहिलेलाच नसतो. ह्या संवयीविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवसांपासून मनांत होतें.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःची गोष्ट सांगणें बरें. मागें एका खरिपांत मी पीकविम्याचा अर्ज अशाच एका केंद्रांत भरविला. माझा गट २१४. अर्जांत पडला २४१. पुढें अतिवृष्टीनें सोयाबीन गेलें, आणि गट क्रमांक उताऱ्याशीं जुळत नाहीं म्हणून भरपाई नाकारली गेली. त्या मुलाच्या समोर वीस माणसांची रांग होती; त्याच्या हातून दोन आंकडे उलटसुलट झाले, ह्यांत त्याचा द्वेष नव्हता. परंतु तो चुकलेला आंकडा शेवटचें बटन दाबण्यापूर्वीं दोन-तीन मिनिटें उघड्या पडद्यावर होता. मी त्यापासून दोन हातांवर उभा होतों, आणि पडद्याच्या पाठीकडे पाहत होतों. चूक त्याची, गाफीलपणा माझा.

१८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतें, रोखे, हिशेबाच्या वह्या मागून घेऊन त्यांनीं जाळल्या. कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे हें त्यांस वाचतां येत नव्हतें, आणि अंगठा मात्र त्यांचाच उठलेला होता. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत अशीं खतें सरकारनें नेमलेल्या ग्राम-निबंधकासमोर व्हावीं अशी तजवीज करावी लागली. आज आपणांस वाचतां येतें, आणि तरीही न पाहिलेल्या लेखास आपण संमति देतों. मोठ्यानें वाचून दाखविलेला ओटीपी म्हणजे आजचा अंगठाच होय. फरक इतकाच कीं आपल्या आजोबा-पणजोबांस निरुपाय होता, आपणांस तो नाहीं.

निरुपाय नाहीं असें म्हणण्याचें कारण हें यंत्र ज्या रीतीनें आज आपल्यापुढें येतें, त्या रीतींतच आहे. आरंभींच्या काळांत संगणकास आज्ञा करावयाची तर ती ठराविक शब्दांत टंकून द्यावी लागे. एक अक्षर इकडचें तिकडे झालें कीं यंत्र हटून बसे. तें काम जाणत्यांचेंच होतें. ९ डिसेंबर १९६८ रोजीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं डग्लस एंगलबार्ट ह्यांनीं मोठ्या सभेपुढें माउस चालवून दाखविला. त्यांच्या प्रयोगशाळेंतील पहिला माउस म्हणजे खालीं दोन चाकें बसविलेला लांकडी ठोकळा होता. त्यानंतर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रांत १९७३ सालीं ‘आल्टो’ हें यंत्र झालें, आणि १९८१ सालीं ‘स्टार’ ह्या यंत्राच्या पडद्यावर कागद, दप्तरें व टपालाच्या पेट्या ह्यांचीं चित्रें मांडून तीं बोटाच्या इशाऱ्यानें हलवितां येऊं लागलीं. अॅपलच्या मॅकिंटॉशनें १९८४ सालीं व मायक्रोसॉफ्टच्या विंडोजनें १९८५ नंतर हीच रीत घरोघर पोंचविली. हा सर्व खटाटोप एकाच हेतूनें झाला: ज्यास आज्ञा पाठ नाहींत, त्यासही यंत्र चालवितां यावें.

मग आपणांसच तें परकें कां वाटतें? माझ्या मतें ह्याचें कारण बुद्धींत नसून उपमेंत आहे. पडद्यावरचें तें चित्र कचेरींतील कारकुनाच्या मेजाचें आहे. आपल्या घरीं तसलें मेज नाहीं, खणांची कपाटें नाहींत. आपले कागद ट्रंकेंत असतात, आणि ट्रंकेंत ते फडक्यांत बांधलेले असतात. तेव्हां शिकविणाऱ्यानें ‘फोल्डर’ म्हणून घोकून घेण्यापेक्षां ‘हा रुमाल’ असें म्हणावें; जुन्या दप्तरखान्यांत कागदांच्या गांठोड्यास रुमालच म्हणत. एका रुमालांत दुसरा लहान रुमाल ठेवतां येतो, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं. दिल्लीच्या कालकाजी भागांत १९९९ सालीं सुगत मित्र ह्यांनीं झोपडवस्तीच्या लगतच्या भिंतींत एक संगणक बसवून ठेवला. इंग्रजी न जाणणारीं मुलें शिक्षकाविना तो चालवूं लागलीं, आणि त्यांनीं नांवेंही आपलींच दिलीं. पडद्यावर फिरणाऱ्या बाणास तीं ‘सुई’ म्हणत, आणि थांबा म्हणून दाखविणाऱ्या वाळूच्या घड्याळास ‘डमरू’. नांव आपलें झालें कीं वस्तूही आपली होते.

दुसरा अडसर भीतीचा. ‘कांहीं भलतेंच दाबलें गेलें तर?’ हा प्रश्न साठीच्या गृहस्थांकडून मीं इतक्यांदां ऐकला आहे कीं त्यास सरळ उत्तर देणें अवश्य वाटतें. बेन श्नायडरमन ह्या संगणकशास्त्रज्ञानें १९८३ सालीं ह्या पद्धतीचीं लक्षणें सांगितलीं, तीं थोडक्यांत अशीं: ज्या वस्तूवर काम करावयाचें ती सतत डोळ्यांसमोर असावी, आज्ञा टंकण्याऐवजीं प्रत्यक्ष हातानें ती हलवावी, आणि केलेली गोष्ट ताबडतोब दिसावी व मागें घेतां यावी. हें शेवटचें लक्षण शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत धरावें. कंट्रोलची कळ दाबून धरून झेड दाबलें कीं लिहिण्यांत झालेली चूक पुसली जाते. काढून टाकलेला कागद बहुधा आधीं टोपलींत जातो, आणि टोपली रिकामी करीपर्यंत तेथून परत आणतां येतो. शेतांत चुकीच्या वेळीं टाकलेलें खत परत उचलतां येत नाहीं. येथें बहुतेक सर्व परत उचलतां येतें.

बहुतेक म्हणालों, सर्व नव्हे. सरकारी अथवा बँकेच्या अर्जाखालीं ‘सादर करा’ असें जें बटन असतें, तें पाटाची मोरी उघडल्यासारखें आहे. सुटलेलें पाणी मागें येत नाहीं. तेथें कंट्रोल-झेड चालत नाहीं. भीति बाळगावयाची ती ह्या बटनाची व पैसे देण्याच्या बटनाची. गंमत अशी कीं आम्ही माउसला हात लावावयास भितों, आणि ज्या बटनास भ्यावें तें मात्र परक्या मुलास निःशंकपणें दाबूं देतों.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं हातांत मोबाइल असतां हें लचांड कशास? मोबाइलचें महत्त्व मी नाकारीत नाहीं. २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी बांधावर उभें राहूनच करावयाची, तेथें मोबाइलच हवा. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत १९९८ सालीं सुमारें ७० गांवांसाठीं संगणक केंद्रांची योजना निघाली होती. पुढें संशोधकांनीं सात गांवांत त्या संगणकांच्या जागीं मोबाइलवरील संदेश आठ महिने चालवून पाहिले, आणि काम भागलें. ह्यावरून शेतकऱ्यास संगणक नकोच, असा अर्थ कोणी काढील. मला तो अर्थ निराळा दिसतो. तेथेंही संगणक चालविणारा निराळा, आणि शेतकरी पलीकडे उभा. त्याला हवें होतें तें उसाच्या वजनाचें व तत्सम हिशेबाचें उत्तर. निव्वळ उत्तरच हवें असेल तर संदेश पुरेसा आहे. पण एका बाजूस सातबारा व दुसऱ्या बाजूस भरलेला अर्ज, अशा दोन खिडक्या शेजारीं शेजारीं उघडून गट, क्षेत्र व नांव ओळीनें ताडून पाहावयाचें असेल, किंवा वर्षभराचा मजुरीचा व खतांचा खर्च एका तक्त्यांत मांडावयाचा असेल, तर तळहाताएवढा पडदा अपुरा पडतो.

दुसरा आक्षेप: ‘आमचा मुलगा सर्व जाणतो.’ उत्तम. पण मुलगा पुण्यास नोकरीवर, आणि अर्जाची मुदत उद्यां संपणार. शिवाय जमिनीचा मालक हयात असतां तिचे कागद मुलाच्याच तोंडून ऐकावयाचे, हें साक्षर माणसास शोभत नाहीं. तिसरा आक्षेप भाषेचा. त्यांत पूर्वीं तथ्य होतें. आतां विंडोजवरील नांवें मराठींत लावून घेतां येतात, आणि इन्स्क्रिप्ट कळपाटानें मराठी टंकतांही येतें. त्यांत स्वर डावीकडे व व्यंजनें मुख्यतः उजवीकडे असल्यामुळें बाराखडी येणाऱ्यास तो परका वाटत नाहीं.

आतां शिकावें कसें ह्याविषयीं माझी सूचना. पुष्कळ वर्गांत खिडकीच्या प्रत्येक भागाचें नांव पाठ करविण्यापासून आरंभ होतो. परीक्षेपुरतें तें ठीक. चार दिवसांनीं विसर पडतो. आपल्या संघानें रब्बीची पेरणी आटोपल्यावर सहा संध्याकाळचा एक लहानसा वर्ग भरवावा. कचेरींतील संगणक दुपारनंतर मोकळाच असतो. नवा खर्च नाहीं. पहिल्या दिवशीं पत्ते खेळावे. हें थट्टेनें म्हणत नाहीं. विंडोजमध्यें १९९० पासून एकट्यानें खेळावयाचा पत्त्यांचा डाव येत असे. बटन दाबून धरून पान उचलणें, ओढणें व योग्य जागीं सोडणें, ही हाताची सफाई त्यानें असंख्य लोकांस न शिकवितां आली. दुसऱ्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या नांवाचा रुमाल करावा. तिसऱ्या दिवशीं सरकारी संकेतस्थळावरून आपल्याच गटाचा सातबारा काढून त्यांत ठेवावा. डिजिटल सहीचा उतारा २०१८ पासून तेथें मिळूं लागला आहे. ठेवतांना फाइलीस गट क्रमांक व वर्ष मिळून नांव द्यावें, म्हणजे पुढच्या वर्षीं शोधाशोध नको. चौथ्या दिवशीं तो उतारा व घरचा जुना हस्तलिखित उतारा ताडून पाहावा. क्षेत्रांत, नांवांत अगर वारसाच्या नोंदींत लेखनाचा फरक आढळल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खालीं दुरुस्तीचा अर्ज करतां येतो. तो पांचव्या दिवशीं स्वतः टंकावा. सहाव्या दिवशीं कोणताही एक अर्ज ‘सादर करा’ पर्यंत भरून, तेथें थांबून, शेजाऱ्याकडून तपासून घ्यावा. सामाईक यंत्रावरून उठतांना आपलें खातें बंद करावें व उतरविलेलीं कागदपत्रें पेनड्राइव्हवर घेऊन तेथून काढावीं, हाही त्याच दिवसाचा पाठ.

वर्गास नियम एकच असावा. शिकविणाऱ्यानें माउसला हात लावावयाचा नाहीं. त्यानें बोलावें, दाखवावें, थांबावें. शिकणाऱ्याचा बाण दहा वेळां चुकला तरी अकराव्या वेळीं तो त्यासच नेऊं द्यावा. नांगराची मूठ ज्यानें स्वतः धरली नाहीं, त्यास तास सरळ कसें धरावें हें नुसतें पाहून आलें असें कोणी सांगेल काय?

ह्यापुढें कोणी सेवा केंद्रांत जाऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. त्या मुलांचे आपणांवर उपकार आहेत, आणि घाईच्या दिवसांत त्यांच्यावांचून चालावयाचें नाहीं. म्हणणें एवढेंच कीं पुढच्या खेपेस अर्ज भरून झाल्यावर ओटीपी सांगण्यापूर्वीं त्यास म्हणावें, ‘बाबा, पडदा जरा इकडे फिरव.’ पण फिरविलेल्या पडद्यावर काय पाहावयाचें हें कळण्यास आधीं आपला हात त्या यंत्रावर बसलेला हवा. माझें त्या वर्षीचें सोयाबीन गेलें तें गेलें. दुसऱ्या कोणाचें दोन आंकड्यांच्या अदलाबदलीनें जाऊं नये, म्हणून संघाच्या कार्यकारी मंडळानें येत्या सभेंत ह्या वर्गाचा ठराव घ्यावा, अशी विनंती आहे.

— एक सभासद