गावचे घर, पुठ्ठ्याचे

वडिलोपार्जित घर हातून जाण्याची वेळ आज अनेक कुटुंबांवर येते. कुठे भावंडांच्या वाटण्या होतात, कुठे नव्या इमारतीसाठी वाडा पाडला जातो. फोटो उरतात, पण त्यांत माणसे पुढे आणि घर मागे असते. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना किती पायऱ्या उतराव्या लागत, हे फोटोत दिसत नाही. म्हणूनच घराची छोटी प्रतिकृती करून ठेवावी. दिवाळीत किल्ला करणारी मुले या कामात आनंदाने हात लावतील.

सर्वांत आधी, घर उभे आहे तोवर ते मोजून घ्या. मोजपट्टी आणि चौकटींची वही घेऊन एक दिवस गावी जा. खोल्यांची लांबी-रुंदी, भिंतींची जाडी, दारे-खिडक्यांची आणि आढ्याची उंची टिपून ठेवा. घर आधीच पडले असेल, तर जुना फोटो काढा. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून दाराचे माप काढता येते.

एका फुटाला अर्धा इंच हे प्रमाण सोयीचे. ४० फूट लांब, ३० फूट रुंद घर २० बाय १५ इंचांत बसते आणि सहा फुटी दार तीन इंचांचे होते. बाहुलीघरांचे रूढ प्रमाण फुटाला एक इंच असे आहे. नवी दिल्लीचे वास्तुकार एडविन लट्येन्स यांनी राणी मेरीसाठी आखलेले आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेले, विंडसर किल्ल्यातले प्रसिद्ध बाहुलीघर त्याच प्रमाणात आहे. पण त्या मापाने आपले घर ४० इंच लांब होईल आणि फ्लॅटमध्ये ठेवायला जागा उरणार नाही!

भिंतींसाठी जाड पुठ्ठा घ्या. दीड फुटी भिंत दाखवायला दोन पुठ्ठे मध्ये पोकळी ठेवून पाऊण इंच जाडीचे जोडा, म्हणजे खिडकीत बसायची जागाही तयार होते. अंगणातली मूठभर माती चाळून, फेविकॉलमध्ये कालवून भिंतींवर लावा. कौलांसाठी खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढा. पुठ्ठा वाळल्यावर पट्ट्या कापा आणि खालून वर, एकीवर एक चढवत चिकटवा. त्यावर गेरूचा रंग द्या. खिडक्यांच्या गजांना उदबत्तीच्या काड्या आणि झोपाळ्याला तुटलेल्या साखळीचा तुकडा चालतो. छप्पर मात्र चिकटवू नका. ते उचलून आत पाहता आले पाहिजे.

सामान मांडण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा. आत्या म्हणतील, तुळस मागच्या दारी होती. काका म्हणतील, पुढच्या अंगणात. दोघांचेही खरे असेल, कारण दोघांच्या आठवणी वेगवेगळ्या वर्षांच्या असतात. म्हणून आपण कोणत्या वर्षीचे घर करतो आहोत ते आधी ठरवा आणि ते वर्ष पाटाच्या खालच्या बाजूला लिहा. कोण कुठे निजत असे, बाळंतिणीची खोली कोणती, तिथे कोणाकोणाचा जन्म झाला, हेही याच वेळी विचारून लिहून घ्या. पुढे ते सांगायला कोणी नसेल.

मापांची वही जपून ठेवा. घराच्या वाटण्या झाल्या तरी त्याच मापांवरून प्रत्येक भावंडाला अख्खे घर करता येईल.