घर बघायला जाताना सासूबाईंना सोबत न्या



गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मिस्टरांची बदली सांगलीला झाली आहे. पुण्याहून सगळं बिऱ्हाड हलवायचं आहे आणि सांगलीत राहण्यापेक्षा जयसिंगपुरात राहून रोज जा-ये करायची असं त्यांनी ठरवलं आहे. तिनं विचारलं, "ताई, तू तिथंच आहेस. हायवेच्या बाजूला नवीन इमारती झाल्यात म्हणं, तिथं बघू की गावात गल्लीत बघू?"

फोनवर मी घाईत काहीतरी सांगितलं. मग रात्रभर मनात तेच घोळत राहिलं, कारण पाच वर्षांपूर्वी आम्हीही हाच प्रश्न सोडवला होता आणि चुकीचा सोडवला होता. म्हणून आज नीट लिहिते. आपल्यातल्या कितीतरी जणी आता अशाच गावात येत आहेत, जिथं राहायचं एकीकडं आणि नोकरी दुसरीकडं.

ज्यांना जयसिंगपूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शाहू महाराजांनी ही बाजारपेठ आपल्या वडिलांच्या, जयसिंगरावांच्या नावानं वसवली. आखून वसवलेलं गाव आहे, त्यामुळं रस्ते सरळ आणि गल्ल्यांना नंबर. सांगली दहा-बारा किलोमीटरवर, कोल्हापूर चाळीसच्या आसपास. रेल्वे आहे, पण ती मिरजेवरून जाते, सांगलीला जायला एसटी किंवा आपली गाडी सोयीची. नोकरदारांना सोयीचं, बाजारहाटाला चांगलं आणि आपला समाजही मोठा. त्यामुळं "जयसिंगपुरात घर बघतोय" म्हटलं की सगळे म्हणतात, उत्तम! पण गावात नेमकं कुठं, हे कुणी विचारत नाही.

आमचे हे शिरोली एमआयडीसीत कामाला. मी सांगलीच्या एका शाळेत शिकवते. मुलगी तेव्हा तिसरीत होती. मामंजी गेल्यावर सासूबाई गावचं घर बंद करून आमच्याकडं यायच्या होत्या. आम्ही दोघं एका रविवारी तीन घरं बघून आलो. हायवेकडचा फ्लॅट आवडला. तिसरा मजला, लिफ्ट, खाली गाडी लावायला जागा, स्वयंपाकघर मोठं. यांना शिरोलीचा रस्ता लगेच लागतो. मुलीच्या शाळेची रिक्षा दारात येते. शिवाय इमारतीत बहुतेक सगळी आपलीच माणसं. आम्ही त्याच दिवशी हो म्हणून आलो. सासूबाई त्या दिवशी गावी होत्या. त्यांना विचारायचं राहिलं असंही म्हणणार नाही, कारण विचारायला हवं हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

सासूबाईंचा नियम आहे, दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. गावी बस्ती चार घरं सोडून होती. लग्न होऊन आल्यापासून त्या सहा वाजता जाऊन यायच्या, त्यात नियम पाळतोय असं त्यांना कधी वाटलंही नसेल. नवीन घरापासून बस्ती अडीच किलोमीटर. गुडघे दुखतात, मधे हायवे ओलांडायचा. म्हणजे कुणीतरी न्यायला पाहिजे. सकाळी सातला मुलीची रिक्षा, साडेसातला यांचा डबा. मी मोकळी व्हायची नऊला. तोवर त्या आंघोळ करून, पांढरं पातळ नेसून, पिशवीत अक्षता घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या असायच्या. मी म्हटलं, "आई, उशीर होतोय ना तुम्हाला?" तर म्हणायच्या, "तुमची घाई असती बाळ, मी थांबते की."

त्यांना शुगर आहे. गोळी नाष्ट्याबरोबर घ्यायची असते. श्रावणातल्या एका सकाळी धो धो पाऊस होता. मला वाटलं हे जाता जाता त्यांना गाडीनं सोडतील, यांना वाटलं मी नेईन. मी बाजारातून साडेदहाला आले तेव्हा त्या खुर्चीवर घामानं भिजल्या होत्या आणि हात थरथरत होते. शेजारी विचारावं म्हटलं तर मजल्यावरची तिन्ही दारं कुलूपबंद. सगळी नोकरीला गेलेली. त्या दिवशी त्यांना साखरपाणी घ्यायला लावलं मी, जबरदस्तीनं. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. माझ्यावर रागावल्या नव्हत्या, स्वतःवर रागावल्या होत्या. ते मला जास्त लागलं.

आम्ही घर निवडताना शिरोलीचं अंतर मोजलं, सांगलीचं मोजलं, शाळेचं मोजलं. जो माणूस दिवसभर त्या घरात राहणार होता, त्याच्या पायांचं अंतर कुणी मोजलंच नाही. माझं मत आता पक्कं झालं आहे. जा-ये करणाऱ्याची सोय शेवटी बघावी. त्याच्याकडं गाडी आहे, पास आहे, दहा मिनिटं जास्त लागली तर लागली. घरात जो सगळ्यात हळू चालतो, त्याला जिथं रोज जायचं आहे ती जागा चालत गाठता आली पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

चौदा महिन्यांनी आम्ही गल्लीत आलो. जुनं घर, खालच्या दोन खोल्या आणि वर एक. भाडं फ्लॅटपेक्षा दोन हजारांनी कमी, पण उगीच गोड चित्र रंगवत नाही. न्हाणीघर मागच्या बाजूला आहे. पावसाळ्यात एक भिंत ओल धरते. गाडी दुसऱ्याच्या दारात लावावी लागते. बाजाराच्या दिवशी आवाज असतो. यांना हायवेला लागायला दहा मिनिटं जास्त लागतात आणि ती ते मला महिन्यातून एकदा तरी ऐकवतात.

पण सासूबाई सहाला काठी घेऊन निघतात आणि सात वाजता घरात नाष्टा करतात. गोळी वेळेवर जाते. वाटेत दोन ठिकाणी थांबून बोलतात. एका बाजूला लिंगायत काकू राहतात, समोर मुसलमान टेलरभाऊ. एकदा सासूबाई सर्दीनं झोपून होत्या, तर साडेसहाला टेलरभाऊंनी दार वाजवून विचारलं, "आज्जी दिसल्या न्हाईत आज?" आपल्या माणसांच्या इमारतीत चौदा महिन्यांत आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांचीही चूक नाही, ती माणसं घरातच नव्हती. म्हणून आता कुणी "तिथं सगळे आपलेच आहेत" असं सांगितलं की मी विचारते, दिवसा घरात कोण असतं? कांदा-लसूण न खाणारा शेजारी मिळाला की शेजार मिळाला असं होत नाही. आपला आचार आपल्या चुलीवर अवलंबून आहे, तो आपल्याला कुठंही पाळता येतो. हाकेला ओ देणारं माणूस मात्र जवळच असावं लागतं.

दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. आपल्यातल्या रात्रीभोजन न करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या भागात जूनअखेर सूर्य सातनंतर मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. सासूबाई तर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधीच पान उचलतात. आणि नेमके दिवस लहान होतात तेव्हाच उसाचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की अर्ध्या तासाची वाट पाऊण तासावर जाते. घर बघायला आपण मे महिन्यात, सुट्टीत जातो. तेव्हा सात वाजेपर्यंत उजेड आणि रस्ता मोकळा. वाटतं, सहज पोचू.

हे थंडीत सूर्यास्ताआधी घरी येऊच शकत नाहीत, मग घर कुठंही असो. त्यांचा दुसरा डबा बरोबर असतो, साडेचारला कारखान्यातच खातात. माझं मात्र घरावर अवलंबून होतं. पाचला शाळा सुटली की पावणेसहापर्यंत मी स्टँडवर उतरते. गल्लीतलं घर पाच मिनिटांवर. फ्लॅटला जायला रिक्षा भरायची वाट बघत वीस-पंचवीस मिनिटं जायची. डिसेंबरात त्या वीस मिनिटांतच माझं जेवण होतं किंवा राहतं. तेव्हा वर्षभर थंडीत मी बहुतेक दिवस उपाशी झोपले आणि त्याला तप म्हणायचीही सोय नव्हती, कारण ते मी ठरवून केलं नव्हतं.

काही जणी म्हणतील, दर्शन काय, घरात जिनबिंब ठेवून होतं, मन शुद्ध पाहिजे. खरं आहे. पण नियम सासूबाईंचा आहे. तो सैल करायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं, आमच्या पार्किंगच्या सोयीसाठी आम्ही नाही. आणि बस्तीत त्यांना दर्शनाबरोबर चार माणसं भेटतात, स्वाध्याय होतो, कुणाच्या घरी काय चाललंय ते कळतं. हे घरातल्या देव्हाऱ्यापुढं मिळत नाही.

काही म्हणतील, घर तीस वर्षांसाठी घेतो, म्हातारी माणसं किती दिवसांची? हे मी प्रत्यक्ष ऐकलंय म्हणून लिहिते. आज माझं वय बेचाळीस. तीस वर्षांनी त्या खुर्चीवर पिशवी घेऊन मी बसलेली असेन. शिवाय फायदा एकट्या म्हातारीचा नाही. माझी मुलगी आता आठवीत आहे. ती पाठशाळेला, वहीच्या दुकानात, मैत्रिणीकडं स्वतः चालत जाते. फ्लॅटमध्ये असताना तीही सासूबाईंसारखीच कुणीतरी न्यायची वाट बघायची.

आणखी एक सुख सांगते. मागच्या वर्षायोगात मुनिसंघ गावात होता. बस्तीजवळ घर, विहिरीचं पाणी जवळ, दारात पडगाहनाला उभं राहायला जागा. आम्ही चौका लावला. सासूबाईंनी आदल्या दुपारी खिडकीच्या उजेडात बसून सगळं धान्य शोधलं. फ्लॅटमध्ये चौदा महिन्यांत आमच्याकडं आहार झाला नव्हता. त्या बाजूला साधूंचं येणंच होत नव्हतं.

आता माझ्या बहिणीसाठी आणि तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

घर दोनदा बघा, एकदा सकाळी सहाला आणि एकदा संध्याकाळी सहाला, कामाच्या दिवशी. घरातलं हळू चालणारं माणूस बरोबर न्या आणि घरापासून बस्तीपर्यंत, भाजीपर्यंत, दवाखान्यापर्यंत त्याच्याच चालीनं चालून बघा. किती वेळा बसावं लागलं ते मोजा.

पुराचं विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा शिरोळ तालुक्यातली नदीकाठची माणसं आसऱ्याला जयसिंगपुरात आली, म्हणजे गाव त्यामानानं सुरक्षित. पण सांगलीकडं जाताना उदगाव-अंकलीला कृष्णा ओलांडावी लागते, आणि कोल्हापूरकडं शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर येतं. घर कोरडं असलं तरी रस्ते बंद झाले की जा-ये करणारा अडकतो. अशा वेळी घरात एकटं कोण उरेल आणि त्याच्याजवळ कोण असेल, याचा विचार आधी करून ठेवा.

एसटी स्टँड चालत गाठता येईल असं बघा. २०२३ पासून आपल्याला एसटीत निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. सासूबाई माहेरी जायला आता माझी वाट बघत नाहीत.

आणि शेवटचं, लगेच विकत घेऊ नका. एक वर्ष भाड्यानं राहा, त्यात एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम जाऊ द्या. आम्ही फ्लॅट विकत घेतला असता तर आजही तिथंच असतो, आणि सासूबाईंनी "मी थांबते की" म्हणत दिवस काढले असते.

बहिणीच्या सासूबाई पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर येत आहेत. मी सांगितलंय, मुक्काम आमच्याकडंच करा. सकाळी आमच्या सासूबाईंबरोबर त्यांना बस्तीला पाठवणार आहे. त्या दोघी परत आल्या की मग घरं बघायला निघू.