खरकटं कोणी काढायचं?



'शाश्वत उपभोग आणि उत्पादन' हे शब्द ऐकले की आपल्यापैकी अनेकींना वाटतं, हा परिषदांना जाणाऱ्या तज्ज्ञांचा विषय. आपल्यापुढे मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे प्रश्न आ वासून उभे आहेत. यात आपण कशाला पडा? मला मात्र हा विषय आपलाच वाटतो. जेवून कोण उठलं आणि खरकटं कोणी काढलं, हा हिशेब बाईला कोणी शिकवावा लागत नाही. देशादेशांमध्ये चाललेला वाद नेमका याच हिशेबाचा आहे.

१९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत सरकारांनी अजेंडा २१ मान्य केला. पर्यावरणाच्या ऱ्हासाचं मोठं कारण म्हणजे उपभोगाची आणि उत्पादनाची न पेलणारी पद्धत, आणि तीही मुख्यतः श्रीमंत औद्योगिक देशांची, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९९५ च्या बीजिंग परिषदेच्या कृतिकार्यक्रमातही स्त्रियांच्या बाजूनं हेच मांडलं गेलं. पुढे २०१२ मध्ये रिओलाच दहा वर्षांची एक कार्यक्रम-चौकट मंजूर झाली आणि २०१५ मध्ये शाश्वत विकासाचं बारावं उद्दिष्ट याच विषयाला दिलं गेलं. शब्द चांगलेच होते. पण ते पाळले नाहीत तर कोणालाही जाब द्यावा लागणार नव्हता.

म्हणूनच प्लास्टिकच्या कराराकडे माझे डोळे लागले होते. मार्च २०२२ मध्ये नैरोबीला देशांनी ठरवलं की प्लास्टिकच्या पूर्ण आयुष्याबद्दल, म्हणजे कारखान्यापासून कचऱ्यापर्यंत, बंधनकारक करार करायचा. बुसानला २०२४ च्या अखेरीस बोलणी अडली. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची बैठकही कराराविना उठली. मुख्य वाद एकच : नवं प्लास्टिक तयार करण्यावर मर्यादा घालायची, की फक्त कचऱ्याची व्यवस्था लावायची? अनेक देशांनी मर्यादा मागितली. तेल उत्पादक देशांनी विरोध केला. आपल्या सरकारनंही उत्पादनावरच्या मर्यादेला पाठिंबा दिला नाही.

श्रीमंत देशांनी आधी आपली जबाबदारी उचलावी, गरीब देशांना पैसा आणि तंत्रज्ञान द्यावं, हे आपल्या सरकारचं म्हणणं मला रास्त वाटतं. पण त्या रास्त म्हणण्याच्या पदराआड पेट्रोकेमिकल कंपन्यांनी लपावं, हे मला मान्य नाही. जगात साठणाऱ्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम नऊ टक्क्यांचं रिसायकलिंग होतं. नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्याचाच हा प्रकार आहे. आणि फरशी कोण पुसतं?

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, त्यातही दलित स्त्रिया. आम्ही चोर नाही, भिकारी नाही, कामगार आहोत, असं म्हणत त्यांनी ओळखपत्रं मिळवली. २००८ पासून 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. बाटलीला भाव मिळतो, वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला मिळत नाही; कारण त्यात अनेक थर चिकटवलेले असतात. ते पाकीट कसं बनवायचं हे वेचणारीनं ठरवलेलं नाही. वापरलेली सॅनिटरी पॅड्स हातानं वेगळी करण्याची पाळी तिच्यावर येऊ नये म्हणून याच बायकांनी कागदात गुंडाळून लाल ठिपका लावण्याची मोहीम चालवली. उत्पादकांनी पॅडसोबत विल्हेवाटीसाठी पिशवी द्यावी, असं केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं. ती पिशवी तुमच्यापैकी किती जणींच्या हाती आली?

याच ठिकाणी 'जबाबदार ग्राहक' नावाचा उपदेश सुरू होतो. कापडी पिशवी न्या, पाऊच घेऊ नका, पॅडऐवजी कापड वापरा. उपदेश सगळा बाईला! रोजंदारीवरची बाई शाम्पूची पुडी घेते, कारण बाटलीचे पैसे एकदम हातात नसतात. वस्तीत सार्वजनिक नळावर कापड धुऊन उन्हात वाळवायला आडोसा नसतो. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं, मीही करते. पण धोरणाचं ओझं घरकामात भर घालून बाईच्या डोक्यावर ठेवलं जात असेल, तर त्याला शाश्वत म्हणू नये.

एक अवघड प्रश्नही टाळता येणार नाही. प्लास्टिक कमी झालं तर वेचणारीच्या पोटाचं काय? तिची चूल त्या बाटलीवर पेटते. कचरावेचकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं उत्तर मला पटतं : बदल व्हावा, पण आमच्या जिवावर नको, आम्हाला विचारून, पर्यायी काम, विमा आणि योग्य मोबदला देऊन व्हावा. नैरोबीच्या ठरावात असंघटित आणि सहकारी कामगारांच्या योगदानाची दखल घेतली गेली, ती त्यांच्या रेट्यामुळेच. आपल्याकडे मात्र २०२२ च्या उत्पादक-जबाबदारीच्या नियमांत रिसायकलिंगचं प्रमाणपत्र नोंदणीकृत कारखान्याच्या नावानं निघतं, आणि ज्या हातांनी माल वेचला त्यांचं नाव त्यावर नसतं.

म्हणून स्त्री-संघटनांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा असं मला वाटतं. नव्या प्लास्टिकच्या उत्पादनावर मर्यादा हवी, आणि ती आधी श्रीमंत देशांवर हवी. कंपन्यांकडून वसूल होणाऱ्या पैशातला वाटा वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचला पाहिजे. आणि वाटाघाटींच्या टेबलावर ती निरीक्षक म्हणून मागच्या रांगेत नको, बोलणारी म्हणून हवी.

सुरुवात गावापासून करता येईल. तुमच्या नगरपालिकेनं कचऱ्याचं कंत्राट कोणाला दिलं, त्यात वेचणाऱ्या बायकांची हकालपट्टी झाली का, माहितीच्या अधिकारात विचारा. त्यांच्या वस्तीत बैठक घ्या. आपण सांगायला नको, ऐकायला जाऊ. जे कळेल ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे.