छापा पडला तर बदल

नोकरी सोडावी की टिकवावी, नातं तोडावं की निभावून न्यावं, अशा पेचात अडकलेल्या माणसांना शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २०१३ मध्ये चक्क नाणं उडवायला सांगितलं. त्यांच्या संकेतस्थळावर आपला प्रश्न नोंदवायचा. पडद्यावर छापा आला तर बदल करायचा, काटा आला तर आहे ते चालू ठेवायचं. नाणी उडाली वीस हजारांहून अधिक. सगळ्यांनी नाण्याचं ऐकलं असं नाही, पण छापा पडलेल्यांपैकी बदल करणारे जास्त निघाले. सहा महिन्यांनी विचारपूस केली, तेव्हा मोठ्या प्रश्नांवर छापा पडलेली माणसं काटा पडलेल्यांपेक्षा अधिक समाधानी होती. यात योगायोगाचं बळ मोठं आहे: कोणाला काय पडणार हे नशिबावर होतं, म्हणून धाडसी स्वभावाचीच माणसं आनंदी निघाली असं म्हणता येत नाही. मुळात हातचं जाईल ही धास्ती नवं मिळण्याच्या आशेपेक्षा भारी पडते, हे मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. त्या धास्तीपायी माणसं वर्षानुवर्षं नको त्या खुर्चीत बसून राहतात.

अर्थात हे लोक आपणहून आले होते, आधीच काठावर उभे होते. ज्याचं मन ठाम आहे त्याला हा निष्कर्ष लागू करणं चुकीचंच. कोकणात देवाला कौल लावणाराही बहुधा असाच अडलेला असतो. मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की तो कामाला लागतो.