'लायसन लागत नाही' म्हणजे मारायची परवानगी मिळाली असं होत नाही!

गेल्या काही दिवसांत तीन वेगवेगळ्या पोरांनी इनबॉक्सला एकच प्रश्न विचारलाय. शब्द थोडे इकडंतिकडं, मुद्दा तोच. "दादा, ससा-तितर जवळून मारायला कोणतं एअर पिस्तूल चांगलं? लायसन न लागणारं सांगा."

पत्रकाराला सगळंच माहीत असतं असा आपल्याकडं गैरसमज आहे, ठीक आहे. तिघांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथंच जाहीर देतो. कोणतंच नाही. महागडं नाही, स्वस्तातलं नाही, देशी नाही, परदेशी नाही. सशासाठी नाही, तितरासाठी नाही, लाव्यासाठी नाही अन् वडावर बसलेल्या हरियलासाठी तर अजिबातच नाही.

राग आला असेल तर थांबा. पूर्ण वाचा, मग कमेंटमध्ये काय बोलायचं ते बोला.

आधी लायसनचं बघू, कारण सगळा घोळ तिथंच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअरगनची किंवा एअर पिस्तुलाची ताकद २० जूलच्या आत आहे आणि नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही, तिला परवाना लागत नाही. बरोबर. दुकानदारही हेच सांगतो. पण हे वाक्य फक्त ते पिस्तूल घरात ठेवण्यापुरतं आहे. त्यानं काय करायचं, हे वाक्य ते सांगतच नाही. घरात विळा ठेवायला तरी कुठं लायसन लागतं? म्हणून तो कुणावरही चालवायचा का?

शिकारीचा कायदा वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांच्या जन्माआधीचा. २०२२ ला त्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. ससा, तितर, लावा, हरियल हे सगळे आता त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. मोर, काळवीट, चिंकारा, घोरपड पहिल्या अनुसूचीत. कलम ९ सरळ सांगतं, या दोन्ही याद्यांतल्या प्राण्यांची शिकार करायची नाही. दुसऱ्या यादीतला मारला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या यादीतला असेल तर ३ वर्षांच्या खाली शिक्षाच नाही, वर ७ वर्षांपर्यंत, अन् दंड वेगळा.

आणि शिकार म्हणजे काय? नुसतं मारणं नाही. पकडणं, फास लावणं, हाकणं, जखमी करणं, अंडी फोडणं, घरटं मोडणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं 'शिकार' या शब्दात येतं. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा झाला. "लागलाच नाही साहेब" हा बचाव होत नाही. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त होतं, गाडी जप्त होते. मटण ज्याच्या पातेल्यात सापडलं त्यालाही उत्तर द्यावं लागतं. हुरडा पार्टीत "आज स्पेशल हाय बरं का" म्हणून वाढणाऱ्यानं अन् खाणाऱ्यानं दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

आता पिस्तुलाबद्दल. विचारणाऱ्याला वाटतं, जवळून मारलं की जागेवर खलास. हिशोब करून बघा. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून तो सेकंदाला साधारण दीडशे मीटरच्या वेगानं सुटतो. गुणाकार केला की येतात साडेपाच जूल. म्हणजे किती? किलोभर साखरेची पुडी गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडली की जेवढा दणका बसतो, जवळपास तेवढा. कागदाला भोक पाडायला भरपूर झालं. पण हाडामासाच्या, जीव घेऊन पळणाऱ्या सशाला? तो पडत नाही, पळतो. पोटात नाहीतर मांडीत छर्रा घेऊन तुरीत शिरतो, उसात शिरतो, अन् दोन दिवसांनी तिथंच कुठंतरी मरतो. तितराचा पंख तुटतो, मग रात्री कोल्हा नाहीतर कुत्रं त्याला संपवतं. तुम्ही "हुकला रे" म्हणून दुसरा छर्रा भरता. हुकलेला नसतोच तो. तुम्हाला फक्त दिसत नाही.

ह्याला शिकार म्हणायचं? रात्री बॅटरीच्या उजेडात ससा थिजून बसतो, त्याला डोळ्यापुढं अंधार दिसतो, अन् आपण पाच पावलांवरून नेम धरतो. यात मर्दानगी कुठंय, मला तरी दिसत नाही. वर त्याची रील करायची, मागं गाणं लावायचं, "किंग" लिहायचं. स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावासकट टाकणारे आरोपी जगात दुसरीकडं कुठं असतील वाटत नाही.

"आपल्या भागात जंगल हाय कुठं, दोन ससे मारले तर काय बिघडलं?" हा पुढचा प्रश्न. उलट आहे, भावांनो. जंगल नाही म्हणूनच बिघडतं. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. नांदेडला जे आहे ते मुख्यतः किनवट-माहूरकडं, पैनगंगेच्या अंगाला. बाकी सगळा वन्यजीव राहतो तो आपल्या बांधावर, गायरानावर, माळावर, मांजरा-तेरणा-मन्याडच्या काठच्या झुडपात. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट सोडलं तर लातूरकरानं लेकराला दाखवावं असं रान तरी किती उरलंय? ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात इथले ससे-तितर कसे जगले असतील याचा विचार करा. आपल्याकडं वाघ नाही, गवे नाहीत. आपलं रान म्हणजे हेच, ससा, तितर, लावा, मोर, हरीण. हे संपलं की संपलं. अन् तितर वाळवी खातं, टोळ खातं, किडे खातं. सोयाबीनवर हजारोंची फवारणी करणाऱ्या माणसानं फुकटचा फवारणीवाला मारून खायचा, याला शहाणपण म्हणत नाहीत.

आता शेतकऱ्याचा मुद्दा. हा खरा मुद्दा आहे, मी तो झटकणार नाही. रानडुकरांनी रात्रीतून भुईमूग उकरून टाकला, रोह्यांनी हरभरा तुडवला, वानरांनी भाजीपाला नासवला, अशी एक हंगाम जात नाही की ऐकायला मिळत नाही. पण सांगा, छर्ऱ्याच्या पिस्तुलानं रानडुक्कर मरतंय का? रोही मरतोय का? मरत नाही, चवताळतो. चवताळलेलं डुक्कर पुढच्या बांधावर गवत कापणाऱ्या मावशीवर जातं. वानराच्या अंगात छर्रे घालून त्याला हाल-हाल करून मारायचं अन् शनिवारी मारुतीला तेल वाहायचं, हे कसं जमतं?

कायद्यानं शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या दुसऱ्या यादीतल्या प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. नुकसानभरपाईची तरतूद आहे. ती मिळवायला किती हेलपाटे मारावे लागतात हे मला सांगू नका, त्यावर मीच लिहीत असतो. त्या हेलपाट्यांविरुद्ध भांडू, मी पुढं राहतो. पण डुकराचा राग सशावर काढायचा अन् त्याला 'शेतकऱ्याची मजबुरी' म्हणायचं, हे चालणार नाही. हुरडा पार्टीला गाडी काढून येणारा गडी मजबूर नसतो.

आणि आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते.

शिकारीचं नाव निघालं की आपल्याकडं एकच समाज डोळ्यापुढं येतो. पारधी. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातीचा कायदा केला, ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती कागदावर मुक्त झाल्या. कागदावर! आजही गावात चोरी झाली की पहिली धाड पालावर पडते. ज्या माणसाचं पिढ्यानपिढ्यांचं पोट फासावर होतं, त्याचा फास १९७२ च्या कायद्यानं काढून घेतला, अन् बदल्यात बहुतेकांना ना जमीन दिली, ना काम. त्याच्या झोळीत दोन तितर सापडले तर फोटोसकट बातमी येते. "शिकारी जेरबंद." आम्हीच छापतो ती.

अन् चारचाकीतून येणारा, पांढऱ्या शर्टातला, गळ्यात साखळी, हातात एअर पिस्तूल, त्याची बातमी का येत नाही? कारण तो कुणाचा तरी भाचा असतो. कुणाच्या तरी 'भाऊं'चा कार्यकर्ता असतो. त्याला कुणी शिकारी म्हणत नाही, 'हौशी' म्हणतात. एकाला भूक असते, दुसऱ्याला हौस. कायदा भुकेला पकडतो अन् हौसेला सोडतो. पकडलंच तर कलम ५४ मध्ये तडजोडीची वाट आहे, तिची कमाल रक्कम २०२२ च्या दुरुस्तीनं २५ हजारांवरून ५ लाखांवर नेली. ज्याच्याकडं आहेत तो भरून मोकळा होईल. पालावरचा कुठून भरणार? तो आत जाणार.

कुणी म्हणेल मोठ्यांना कोण हात लावतं. लावतात, लावायचं ठरवलं तर. मन्सूर अली खान पतौडी, भारताचे माजी कर्णधार, नवाबाचं घराणं. २००५ ला हरियाणातल्या झज्जरला एक काळवीट आणि दोन ससे, यावरून गुन्हा दाखल झाला. कोर्टात शरण यावं लागलं. २०११ ला ते वारले तेव्हाही खटला चालूच होता. दोन सशांचाही त्यात हिशोब होता, लक्षात घ्या. नवाबाला जो कायदा लागतो तो आपल्या तालुक्यातल्या भाच्याला का लागत नाही?

आणि लोकांनी ठरवलं तर काय होतं तेही बघा. अरुणाचल प्रदेशात घरोघरी एअरगन होत्या, शिकार ही तिथल्या जमातींची परंपरा. २०२१ ला तिथं सरकारनं एअरगन जमा करायची मोहीम काढली. लोकांनी आपणहून आणून दिल्या. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं कौतुक केलं. आपल्या महाराष्ट्रात वाशिम-अकोल्याकडं 'संवेदना' संस्थेसोबत फासेपारधी मंडळी माळरान अन् तणमोर जपायचं काम करतात. ज्यांना आपण शिकारी म्हणून हिणवतो ते राखणदार झाले. अन् शिकलेसवरलेले आपण पिस्तूल कोणतं घ्यावं विचारायलो.

एअर पिस्तूल वाईट आहे असं मी म्हणत नाही. मनू भाकरनं २०२४ ला पॅरिसमध्ये दोन पदकं याच १० मीटर एअर पिस्तुलावर आणली. एक एकटीनं, एक सरबज्योतसिंगसोबत. समोरच्या कागदावर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या गुंडीएवढं. नेमाची एवढी खुमखुमी असेल तर ते वर्तुळ फोडून दाखवा. हे पिस्तूल त्यासाठीच बनवलंय. तुमचा सत्कार मी स्वतः हार घेऊन करीन.

मागण्या साध्या आहेत.

१) नांदेड अन् लातूरमध्ये एअरगन विकणाऱ्या प्रत्येक दुकानात मराठीत ठळक पाटी लावा, 'याने कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार करणे गुन्हा आहे.' "ससा आरामात पडतो" म्हणून माल खपवणाऱ्याला जाब विचारा.

२) वनविभाग अन् पोलिसांच्या सायबर सेलनं शिकारीच्या रील बघाव्यात. पुरावा शोधायला जंगलात जायची गरज नाही, मोबाईलमध्ये आहे.

३) जी कलमं पारध्याला लावता तीच चारचाकीवाल्याला लावा. नसेल जमत तर पारध्यालाही सोडा.

४) पीक नुकसानीचे पंचनामे वेळेत करा, म्हणजे शेतकऱ्याच्या आडून हौस भागवणाऱ्यांचं तोंड बंद होईल.

कुठं शिकार होताना दिसली तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे. फोन करा.

ज्या तिघांनी विचारलं त्यांची नावं मी सांगणार नाही. चांगल्या घरची पोरं आहेत, पेरणी-काढणी बघितलेली आहेत. त्यांना एवढंच सांगणं, पिस्तुलाचे पैसे वाचले समजा. त्यातून सकाळी सहाला माळावर जायला एक साधी दुर्बीण घ्या. तितर तिथंच असतं. ते ओरडताना ऐका, मग ठरवा मारायचं का.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर का नाही ते लिहा, उत्तर देतो. शिव्या देणाऱ्यांनी तेवढं आधी सांगावं, की दुखलं कुठं.