नसलेल्या गंधकाचा सोनेरी रंग

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरात आकाशछायाचित्रांचे एक प्रदर्शन भरले होते. तेथे एका तेजोमेघाच्या भव्य चित्राखाली ‘हबल रंगसंगती’ एवढेच शब्द होते. चित्र देखणे होते; कडा सोनेरी, पोटात निळाई. कॅमेरा कोणता, असे आम्ही विचारले. रंगीत, असे उत्तर आले; आणि त्यापुढे हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा दुहेरी अरुंदपट्टा फिल्टर. म्हणजे गंधकाचा प्रकाश कॅमेऱ्यात शिरलाच नव्हता, आणि चित्रात मात्र गंधकाचा रंग होता! आमची तक्रार एवढीच आहे, पण ती क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही.

हे सगळेच रंग खोटे, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. मृगातला तेजोमेघ दुर्बिणीतून बहुधा करडा दिसतो, तो आपल्या डोळ्यांच्या मर्यादेमुळे. तेथला वायू ठरावीक तरंगलांबींवर खरोखरच प्रकाशत असतो. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यांना अखंड पट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली हिरवी रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. पुढे तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवेच मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ही तर दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा! एका रेषेचा धनी शोधायला ६३ वर्षे लागली. आपण मात्र एका संध्याकाळी संगणकावर बसून नसलेल्या रेषेला धनी नेमून टाकतो.

ज्या रंगसंगतीचे नाव घेतले जाते, तिचा व्यवहार चोख होता. १९९५ साली जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीतून गरुड तेजोमेघातील स्तंभ टिपले, ते तीन स्वतंत्र फिल्टर लावून. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिला. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरवर आणि गंधक ६७२च्या आसपास, म्हणजे डोळ्याला दोन्ही लालच. ते निराळे दिसावेत म्हणून, नकाशात जिल्हे रंगवावेत तसे रंग वाटून दिले. नकाशा खोटा नसतो. मात्र प्रत्येक रंगामागे एक जिल्हा असावा लागतो.

आता रंगीत कॅमेऱ्याचे पाहा. ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेल्या जाळीत चार बिंदूंपैकी एक लाल, दोन हिरवे आणि एक निळा असतो. दुहेरी फिल्टरमधून आलेला हायड्रोजन लाल बिंदूवर पडतो, ५००.७ नॅनोमीटरचा ऑक्सिजन हिरव्या-निळ्यांवर. एकाच छायाचित्रात दोन मूलद्रव्ये वेगळी होतात, आणि शहरातल्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच अडतो. गच्चीवरच्या हौशी माणसाला हे वरदानच आहे. पण मूलद्रव्ये दोनच. फिल्टरने गंधकालाही वाट दिली असती, तरी तो हायड्रोजनच्याच लाल बिंदूवर येऊन मिसळला असता. मग तिसरा रंग येतो कुठून? पहिल्या दोहोंच्या मिश्रणातून!

सौंदर्यासाठी एवढी मुभा असावी, असे आम्हांस सांगण्यात आले. मुभा जरूर असावी. पण चित्राखाली तसे लिहावे. सरकारी नोकरीत आम्ही उभे आयुष्य टिपणे वाचण्यात घालवले. कागद नसताना ‘सोबत जोडला आहे’ असे लिहिणाऱ्याचे अक्षर बहुधा सुरेख असे, हा आमचा अनुभव आहे.

बरे, मार्ग नाही असेही नाही. गंधक आणि ऑक्सिजन यांचा निराळा दुहेरी फिल्टर मिळतो. तो लावून आणखी काही रात्री त्याच तेजोमेघावर घालवल्या, तर रंगीत कॅमेऱ्यातूनही खरी तीन मूलद्रव्ये हाती येतात. गंधकाचा प्रकाश बहुधा क्षीण असतो, तास पुष्कळ लागतात, आणि नेमके तेच नको असते.

त्याच प्रदर्शनात आमचेही एक चित्र होते : काक्षी आणि प्रश्वा यांच्या दरम्यानचा रोझेट तेजोमेघ, नुसता लाल आणि हिरवट निळा. खाली फिल्टर, एकूण तास आणि कोणत्या मूलद्रव्याला कोणता रंग, हे सारे लिहिले होते. त्यापुढे फारसे कोणी थांबले नाही. एका मुलीने मात्र विचारले, ‘आजोबा, यात सोनेरी का नाही?’ दुसरा फिल्टर अजून घेतलेला नाही, असे आम्ही तिला सांगितले. तो आता मागवला आहे.